ताई, शुभा झोपेत चालते

अंधेरी (पूर्व),
फेब्रुवारी १९८५, रविवार दुपार

ती. सौ. ताईस,

धाकट्या बाळचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पाय मस्कतला आणि डोकं अंधेरीला, तेव्हा टपालाने येईल तसा गोड मानून घे.) दशरथरावांनाही नमस्कार सांग. त्यांची कंबर आता कशी आहे? त्या उन्हात दिवसभर उभं राहून रस्ते मोजायचे म्हणजे कंबर कुरकुरणारच. मागे पाठवलेलं निर्गुडीचं तेल ते लावतात, की वास येतो म्हणून बाटली अजून बाथरूमच्या फळीवरच आहे? तुझ्या रात्रपाळ्या कमी झाल्या का? पेशंटला वेळेवर जेवायला सांगतेस तसं कधीतरी स्वतःलाही सांगत जा.

तुझं पत्र काल मिळालं. क्वार्टर मिळालं, शाळेत जागा मिळाली आणि मे महिन्यात तू तुझ्या शुभाला न्यायला येतेस हे वाचून आम्हां दोघांना अतिशय आनंद झाला. सुगंधाने पत्र दोनदा वाचलं आणि तूरडाळ निवडायला बसली. डाळ सकाळीच निवडून झाली होती. शुभाला अजून सांगितलेलं नाही. तू स्वतः फोनवर सांगावंस असं आमचं ठरलं.

शुभा खुशाल आहे. उंची वाढली, दोन दात पडून त्यातला एक आला, तिसरीच्या सहामाहीत गणितात तिने आम्हां सर्वांना चकित केलं (कोणत्या दिशेने ते समोरासमोर सांगेन). भूक चांगली आहे. झोपही चांगली आहे. झोपेबद्दलच थोडं लिहायचं आहे. आता "थोडं" म्हटलं की तुझ्यातली नर्स खुर्चीवरून उठणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहितो की डॉक्टरांना दाखवलं आहे, काळजीचं काही नाही आणि हातपाय शाबूत आहेत. (तिचे. माझ्या अंगठ्याचं पुढे येईलच.) गोष्ट एवढीच की शुभा झोपेत चालते.

दिवाळी होऊन गेली होती. शुभा नऊला झोपते. त्या दिवशी ती झोपल्यावर तासाभराने आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत बसलो होतो आणि शुभा आतून आली. डोळे सताड उघडे. मला वाटलं पाणी हवं असेल, म्हणून विचारलं. ती उत्तर न देता आमच्या आणि टीव्हीच्या मधून सरळ गेली, उंबऱ्याजवळ बसली, मोजे चढवले, शाळेचे बूट घातले आणि नाड्या बांधल्या. ताई, ह्या मुलीला दिवसा नाडी बांधता येत नाही. रोज सकाळी सुगंधा खाली बसून बांधते आणि रोज शाळेतून ती एक नाडी फरफटत आणते. त्या रात्री तिने दोन्ही नाड्या बांधल्या, दोन्हींचे कान सारखे, आणि बांधताना बघत होती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग उठून दाराशी गेली. वरच्या कडीपर्यंत हात पोचेना, तेव्हा दारावर तळवा टेकून उभी राहिली, जसं कुणी आतून उघडणारच आहे आणि तिला घाई नाही.

मी पुढे होऊन तिच्यासमोर उभा राहिलो. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो. साकीनाक्याच्या कारखान्यात माझ्या हाताखाली पन्नासेक माणसं आहेत, मालकाचा मुलगा परवा माझ्या अंगावर ओरडत आला तेव्हाही मी जागचा हललो नाही. पण त्या पोरीसमोरून मी आपोआप बाजूला झालो. कशाला झालो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. देवळात गाभाऱ्यातून पुजारी बाहेर येतो तेव्हा आपण होतो ना, तसा झालो. शेवटी सुगंधाने तिचा हात धरला, ती शहाण्यासारखी वळली आणि बुटांसकट झोपली. सकाळी अंथरुणात बूट बघून तिने ते मीच गंमत म्हणून घातले असं ठरवलं आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

कॉलनीतल्या डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, पुष्कळ मुलं अशी चालतात, बहुतेकांचं वयाबरोबर जातं, गदागदा हलवून उठवू नका, हळूच वळवून परत निजवा आणि दार, खिडक्या, गॅस सांभाळा. मला एवढं पुरायला हवं होतं. पण मी कारखान्यात बोलून बसलो आणि मग सल्ल्यांना तोटा राहिला नाही. कुणी उशाखाली सुरी ठेवायला सांगितली (लहान मुलीच्या उशाखाली सुरी, ही अक्कल), कुणी पाय बांधायला. एकाने खात्रीचा उपाय म्हणून पलंगाजवळ पाण्याचं घमेलं ठेवायला सांगितलं. थंड पाण्यात पाऊल पडलं की माणूस जागा होतो म्हणे. ते मात्र मला पटलं. शुभा रात्री उठली, घमेल्याला वळसा घालून गेली. तिला थांबवायला मी धावलो तो घमेल्यात. उपाय अगदी खात्रीचा आहे, मी पूर्ण जागा झालो आणि खालच्या मजल्यावरचेही.

तळमजल्यावर भाऊराव राहतात, ते तुला आवाजाने माहीत आहेत. ज्यांच्याकडे तुझा फोन येतो तेच. कस्टममधून रिटायर झालेले, शिस्तीचे. आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा पी.पी. नंबर त्यांचाच, सगळ्यांचे फोन तिथेच, त्यामुळे फोनला क्रोशाचं झाकण, डायलला बारकं कुलूप, आणि कुणाचा फोन आला की भाऊराव शेजारी उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत असतात. त्यांची आई सुंदराबाई ऐंशीच्या पुढची, मालवणकडची, आरामखुर्चीत बसून सगळ्या बिल्डिंगवर लक्ष ठेवते. शुभाचं ऐकून तिने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्यांचा ठसका मला लागला, शुभा मजेत होती.

आता जे लिहितो ते बसून वाच. डिसेंबरमध्ये एकदा मी सेकंड शिफ्टला होतो आणि सुगंधा दमून लवकर झोपली. कडी लावली होती, पण शुभाने स्टूल आणलं. ती जिना उतरली, वॉचमनच्या समोरून फाटकाबाहेर गेली (त्या वेळी दोघंही झोपलेले होते, फरक इतकाच की ती चालत होती) आणि ज्या रस्त्यावरून साकीनाक्याचे ट्रक दिवसरात्र धडधडत जातात तो रस्ता तिने ओलांडला. कसा ओलांडला हे कुणी पाहिलेलं नाही आणि मी ते मनात आणत नाही. मी बसमधून उतरलो तर स्टॉपवर फ्रॉक, मोजे, बूट अशी शुभा उभी. एक कामगार तिच्याजवळ थांबून राहिला होता. त्याने सांगितलं की दोन बसगाड्या गेल्या, पोरगी चढत नाही, रडतही नाही. कुठे जायचं विचारलं तर म्हणते जायचं नाही, आई उतरणार आहे.

त्या माणसाला मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. शुभाचा हात धरला. हात गरम होता, झोपलेल्या मुलांचा असतो तसा. घरी येईपर्यंत ती एकदा मागे वळली, अजून एक बस येत होती म्हणून. मी थांबलो. ती बस पूर्ण रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो, आणि ताई, खोटं कशाला लिहू, उतरणाऱ्यांत मीही बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली सुगंधाच्या मंगळसूत्रात. तुला तेव्हाच कळवायला हवं असं सुगंधाचं म्हणणं होतं. पण तू समुद्रापलीकडे रात्रपाळीत जागी, तिथे हे वाचून करणार काय, म्हणून मी थांबलो.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. भाऊरावांकडे सगळ्या बिल्डिंगचं एकत्र होतं. बरंच आवरायचं होतं म्हणून सुगंधा खालीच होती आणि तिला परत यायला दार नुसतं ओढून ठेवलेलं. मी आरामात पेपर वाचत होतो. शुभा उठली, बूट, नाड्या, सगळं नेहमीसारखं, आणि दाराशी आली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तीन महिने आम्ही हिला अडवतो आहोत, पण हिला जायचं कुठे आहे हे एकदाही बघितलेलं नाही, असं मनात आलं. बरोबर केलं की चूक ते तू ठरव. मी दार उघडून दिलं आणि एक पायरी मागे राहून तिच्याबरोबर उतरायला लागलो.

आमच्या जिन्यातला दिवा बारा महिने गेलेला असतो. मी कठडा धरून, भिंत चाचपत उतरत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी सायकलच्या पॅडलवर अंगठा आपटला तो आपटलाच (नख काळं झालं आहे, पण ते सोड). ती कठड्याला हातसुद्धा न लावता, मधोमध, एकेक पायरी टाकत चालली होती. सायकलीला वळसा, कुंडीला वळसा, तुटक्या पायरीवरून अलगद पलीकडे. मी इथे नऊ वर्षं राहतो, ती आठ महिने. पण तो जिना तिचा होता.

भाऊरावांचं दार सताड उघडं. आत दहाबारा बायका, तिळगूळ, फुलं, सुंदराबाई खुर्चीत, भाऊराव कोपऱ्यात अडकून पडलेले. शुभा आत शिरली. सुगंधाने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. भाऊरावांच्या हातातली डिश तशीच अधांतरी राहिली. शुभा सगळ्यांच्या मधून फोनपाशी गेली, स्टुलावर बसली, क्रोशाचं झाकण काढून मांडीवर घडी करून ठेवलं, रिसीव्हर उचलला आणि जरा वेळ वाट बघितली. मग म्हणाली,

"आई, आता बोलते. आता इथे कुणी नाहीये."

ताई, आम्ही पंधरा माणसं होतो तिथे.

दर शुक्रवारी तुझा फोन आला की ही पोरगी "हो", "नाही", "बरी आहे" ह्यापलीकडे जात नाही, आणि तू मला विचारतेस की हिला माझ्याशी बोलायचं नाही का. त्या रात्री ती न थांबता बोलली. मधे मधे थांबायची, ऐकायची, "हो गं" म्हणायची, जसं पलीकडे कुणी खरंच आहे. बाईंनी दिलेली चित्रकलेची वही, मैत्रिणीशी झालेली भांडणं, सगळं सांगितलं. मामी वेणी फार घट्ट घालते, दुखतं, पण तिला घालायला आवडतं म्हणून मी सांगत नाही, असंही सांगितलं. (सुगंधा दुसऱ्या दिवसापासून वेणी इतकी सैल घालते की शाळेत पोचेपर्यंत सुटते.) मामा रोज गच्चीवरून विमान दाखवून ह्यात आई असेल म्हणतो, ते काही खरं नसतं, पण त्याला बरं वाटतं म्हणून मी हो म्हणते, हेही आलं. मी आपला समजत होतो की समजूत मी घालतो आहे.

तेवढ्यात सांताक्रूझला उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं. तुला आठवत असेल, आमच्याकडे विमान आलं की भांडी थरथरतात आणि बोलणारा माणूस हात वर करून थांबतो. शुभाने हात वर केला. गाढ झोपेत, ताई. आवाज विरेपर्यंत थांबली, हात खाली घेतला आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलली. सुंदराबाईने तिथल्या तिथे हात जोडले.

मग ती जे बोलली ते मी त्याच शब्दांत लिहितो.

"मधे मी तुझा आवाज विसरले होते. मग आठवला. तू फोनवर विचारतेस ना बरी आहेस का, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत असतात. म्हणून मी हो म्हणते. बरी आहे मी. पण थोडी नाहीये." जरा ऐकलं. "ठेवते हं. आजोबा घड्याळ बघतायत."

तिची पाठ भाऊरावांकडे होती. आणि भाऊराव, अगदी सवयीने, खरोखरच घड्याळ बघत होते. त्यांनी मनगट पाठीमागे नेलं ते शुभा खोलीबाहेर पडेपर्यंत पुढे आणलं नाही. कस्टममध्ये आयुष्य काढलेला माणूस, पण त्या दिवशी तोच पकडला गेल्यासारखा उभा होता.

तिने रिसीव्हर ठेवला, झाकण घातलं, सारखं केलं आणि वर निघाली. बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, तिला वाट दिली. सुंदराबाई तेवढं बोलली: "ह्या चेडू साधा न्हय हां." (चेडू म्हणजे मुलगी.) जिन्यातून आम्ही सगळे तिच्या मागे, एकामागे एक, हळदीकुंकवाच्या साड्या आवरत, अंधारात, चप्पल न वाजवता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला घरापर्यंत पोचवूनच माणसं परतली.

पुढचा शुक्रवार तुला माहीत आहे, पण दाराच्या बाहेरचा माहीत नाही. तुझा फोन आला तेव्हा नेहमी जमतात त्या सगळ्यांना भाऊरावांनी घराबाहेर काढलं. मला काढलं, सुगंधाला काढलं, स्वतःच्या आईला खुर्चीसकट गॅलरीत नेलं (ती मालवणीत जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही), शुभाला स्टुलावर बसवलं, बाहेरून दार लावलं आणि स्वतः दारासमोर पहारा दिला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अर्जंट फोन करायचा म्हणून आले, त्यांना शांतपणे सांगितलं की लाइन बिझी आहे, उद्या या. मनगटावर घड्याळ नव्हतं.

आत काय बोलणं झालं ते तुलाच माहीत. ती बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं आणि चेहरा हलका. मग मी फोन घेतला तर तू रडत होतीस आणि विचारत होतीस की हिला आज झालं काय, मी म्हणालो लाइन चांगली लागली. लाइन नव्हे, हे सगळं झालं होतं.

चालणं अगदी थांबलं असं नाही. डॉक्टर म्हणतात इतक्यात थांबेल असं समजू नका. पण आता ती बूट घालत नाही आणि दाराशी जात नाही. उठते, घरातल्या घरात एक फेरी मारते, आमच्या पलंगाशी येऊन दोघं आहेत ना ते बघितल्यासारखं करते आणि परत जाऊन झोपते. मी डोळे मिटून पडलेला असतो. ती उभी असते तेवढा वेळ मला हलायची छाती होत नाही. ताई, हे मूल तुझ्या पोटी आलं आणि आठ महिने माझ्या घरात झोपलं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

बाकी क्षेम. पत्राचं उत्तर लगेच लिही, दशरथरावांच्या कंबरेसकट.

तुझा,
बाळ

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. तिकडच्या दाराला वर कडी आहे का ते बघ. तिला हाक मारू नकोस, समोर जाऊ नकोस, एक पाऊल मागे राहून चाल, कुठे जाते ते बघ आणि मग हात धर. आता तुझी रात्रपाळी आणि दशरथरावांची झोप (घरावरून विमान गेलं तरी कूस बदलत नाहीत) बघता तिथे मागून चालायला नेमकं कोण आहे, असा एक विचार मनात आला. शिवाय पुढच्या वर्षी चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा आहे, ती तिने इथूनच द्यावी असं तिच्या शाळेतल्या बाईंचंही मत आहे. (बाईंना अजून विचारलेलं नाही, पण त्या नाही म्हणणार नाहीत.) एकच वर्षाचा प्रश्न आहे. मी आग्रह करत नाही. नुसतं सुचवलं.

ता. क. दुसरा. वन्सं, मी सुगंधा. तुम्हां दोघांना नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांचं मनावर घेऊ नका. शुभाला घेऊन जा. स्कॉलरशिप वगैरे काही नाही, तिला भागाकारच येत नाही. मागून चालायला तुम्ही आहात, नोकरीत पाळी बदलून मागा, देतील. तिचे फ्रॉक उसवून लांब करून ठेवते आहे, तिकडे वर्षभर होतील. माझी एकच विनंती आहे. परीक्षा संपली की लगेच या, एप्रिलमध्येच. मे महिनाभर ती सुट्टीत दिवसरात्र माझ्याजवळ राहिली तर मग मी देणार नाही.